शेवटच्या घरापासून

तुमच्या शहरात एखाद्या कामाचा नारळ काम संपल्यावर फोडलेला तुम्ही कधी पाहिला आहे का? नीट आठवून सांगा. कुदळ मारतानाचे फोटो तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. कोनशिला पाहिल्या असतील, त्यांच्यामागे वाढलेलं गवतही पाहिलं असेल. मी विचारते आहे ते वेगळं. गटार पुरं झालं, पावसाचं पाणी त्यातून वाहून गेलेलं चारचौघांनी पाहिलं, आणि मग कुणीतरी नारळ आणला, असं कधी झालंय?

आमच्या पालिकेत काही काळ असंच होत होतं, कारण तेव्हा शेंपडीकाकी नगराध्यक्ष होत्या. "देवाक आगाऊ कित्याक फटोवप?" असं त्या म्हणायच्या. देवाला आधीच कशाला फसवायचं? सुरुवातीला नारळ फोडला की ते वचन झालं, आणि आमच्याकडे अशी मोडलेली वचनं नाक्यानाक्यावर पडून होती. अर्ध्यावर सोडलेले खड्डे, गंज चढलेल्या पायपांचे ढीग, छप्पर नसलेलं मार्केट. म्हणून काकींचा नारळ शेवटी येई, आणि तो फोडायचा मान आमदाराकडे जात नसे. ज्या दारात काम संपलं, त्या घरातल्या बाईने तो फोडायचा.

शहराचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पेडणे आणि डिचोली यांच्या मधे कुठेतरी ते आहे, एवढं पुरे. नाव लिहिलं की तुम्ही म्हणाल, ते तिकडचं, आमच्याकडे तसं नाही. एक बाजार, एक बसस्टँड, भातशेतीत पाय पसरलेले जुने वाडे, म्हणजे वस्त्या, आणि बंद पडलेल्या खाणीच्या रस्त्याला आमच्या शेडी, म्हणजे खाणकामगारांच्या खोल्यांच्या दोन रांगा. पालिका आहे म्हणून शहर म्हणायचं. तुमचंही बहुधा असंच असेल.

काकींना बसता येत नसे. नगराध्यक्षाची खुर्ची उंच पाठीची, गादीची. तिच्यावर त्या आपली कापडी पिशवी ठेवायच्या आणि सभा चालू असताना टेबलाभोवती फिरत राहायच्या. नगरसेवकांच्या माना त्यांच्यामागे फिरत. कपड्याच्या दुकानाचे मालक असलेले एक नगरसेवक होते, सगळं शहर त्यांना दादा म्हणतं. ते एकदा वैतागून म्हणाले, "काकी, एक घडी बसा गो. म्हजी मान मोडटा."

"बसल्यार काम उरता," काकी म्हणाल्या. "तुजी मान उपरांत पळोवंया." बसलं की काम राहतं, मान नंतर बघू.

भेटल्यावर लोक नमस्कार करतात. काकी विचारायच्या, "कितलें उरलां?" किती राहिलं? कंत्राटदाराला विचारायच्या, शाळेत निघालेल्या पोराला विचारायच्या, भाताची मळणी करणाऱ्या बायकांना विचारायच्या. एका लग्नात त्यांनी मंगलाष्टकं चालू असताना भटजींनाच विचारलं होतं, असं त्यांचे मास्तर सांगायचे. मास्तर म्हणजे काकींचे नवरे, निवृत्त मराठी शिक्षक. काकीसुद्धा त्यांना मास्तरच म्हणत. "हिला आरतीसुद्धा कंत्राटदाराकडे दिलीय असं वाटतं," असं मास्तर म्हणायचे, आणि काकी ऐकू न आल्यासारखं करायच्या.

राजकारणात यायच्या आधी बाजाराच्या मागे त्यांची पिठाची गिरण होती. तिथे एक नियम होता, जो मी लहानपणी आईबरोबर डबा घेऊन जाताना पाहिला आहे. लहान डबा आधी. हॉटेलवाल्यांची मोठी पोती आली तर ती भिंतीशी उभी राहायची आणि आमचं दोन शेर पीठ आधी पडायचं. पोतेवाले कुरकुरायचे. काकी पट्ट्यावरची नजर न काढता म्हणायच्या, "तुजें पीठ आजच्या भाकरेचें न्हय. तिचें आजच्या भाकरेचें." पीठ अंगावर घेऊन दिवसभर उभी असलेली ती बाई एक दिवस वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला म्हणून निवडणुकीला उभी राहिली. लोकांनी चेष्टेत मतं दिली आणि ती निवडून आली. नगराध्यक्षाचं पदही बाईसाठी राखीव होतं आणि दुसरी कुणी तयार होईना. असे अपघात आपल्याकडे क्वचित होतात. मला ते आवडतात.

पहिल्याच सभेत काकींनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, पालिका कर्ज काढणार नाही. घरपट्टी, दुकानांचं भाडं आणि सोपो, म्हणजे बाजारात बसणाऱ्यांकडून घेतात ती रोजची फी, एवढ्यावर जे होईल ते होईल. दोन, एका वेळी एकच काम, आणि ते संपल्याशिवाय दुसरं नाही.

झालं, भांडण पेटलं. एकच काम तर कुणाच्या वाड्यातलं? प्रत्येक नगरसेवकाचा वाडा सगळ्यांत गरजू निघाला. मी श्रोत्यांच्या मागच्या बाकावर होते. हातात ताजी पत्रकं होती, झेरॉक्सची शाई अजून बोटांना लागत होती. माझी अक्षरओळखच पत्रकांतून झाली. आजोबा दोडामार्गाकडून आलेले, बाबा खाणीवर टिप्पर चालवायचे. संघटनेची, मोर्चाची, संपाची जी पत्रकं मिळत ती आई फळीवर डब्यांखाली अंथरायची, आणि मी डबे उचलून वाचायची. बालगीतांच्या आधी मला घोषणा पाठ होत्या.

काकी फिरता फिरता थांबल्या. "शिगम्याक रोमट खंयच्या घराकडेन पयलें वता, ताचेर कोण झगडटा?"

कुणीच भांडत नाही. शिगम्यात ढोल, ताशे आणि निशाणं घेऊन रोमट, म्हणजे मिरवणूक, गावच्या मानाच्या जागेवरून, मांडावरून निघतं. कुठल्या घरी आधी जायचं, कुठल्या घरी शेवटी, हा मानाचा क्रम पिढ्यान् पिढ्यांचा. तो आमच्या जुन्या वाड्यांतल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतो.

"मागीर त्याच वाटेन वचूंया," काकी म्हणाल्या. मग त्याच वाटेने जाऊ. माना हलल्या. दादा तर खूश झाले, त्यांचं घर वरून तिसरं. मग काकी म्हणाल्या, "पूण शेंपडेकडल्यान."

शेंपडी म्हणजे शेपटी. शेपटीकडून. ज्याच्या घरी रोमट शेवटी जातं, त्याचं गटार आधी. सभागृहात कुणीतरी हसलं, मग हसू थांबलं. विरोध कशाला करणार? क्रम त्यांचाच होता, फक्त उलटा धरला होता. पहिला मान कुणाच्या घराचा, हेही सगळ्यांना माहीत होतं. तो काकींच्या सासरचा. म्हणजे काकींच्याच गल्लीचा नंबर अगदी शेवटी. आणि त्या गल्लीच्या टोकाला, चिऱ्याच्या तुटक्या पायऱ्यांच्या वर, मास्तर चाकाच्या खुर्चीत होते. अर्धांगवायू झाल्यापासून ते पडवीपलीकडे गेले नव्हते. पायऱ्यांखालून गटार वाहत होतं. उतार करायचा तर आधी ते गटार बांधायला हवं, नाहीतर पाणी खालच्या घरात शिरणार. म्हणजे मास्तरांनी कधी बाहेर पडायचं, हे काकींनी त्या एका वाक्यात ठरवून टाकलं होतं.

हे मला तेव्हा कळलं नाही. मला वेगळंच कळलं होतं. मी मागून ओरडले, "काकी, आमच्या शेडींकडे रोमट येतच नाही!"

सभा माझ्याकडे वळली. काकींनी विचारलं, "तुमगेर येना?"

"कधीच नाही. पहिलं नाही, शेवटचंही नाही. मग आमचा नंबर कुठला?"

ही चूक आमच्याच शहरात होऊ शकते. अगदी न्यायाने क्रम उलटा केला, आणि त्या क्रमात नसलेली माणसं उलट्यातही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्या शेडींत आल्या, एकट्या. आईने चहा दिला तो त्यांनी चालत चालत प्यायला. रांगेच्या टोकापर्यंत गेल्या, जिथे शेवंतामावशीचं घर आहे, आणि त्यापलीकडे ते रान, जिथे आमच्या बायका उजाडायच्या आत जात. नळ नव्हता. टँकर यायचा, कधी यायचाही नाही. शेवंतामावशीने कमरेवर हात ठेवून विचारलं, "काय गे बाय, मता मागूक इलंस? निवडणूक झाली मां?"

"मतां मेळ्ळीं," काकी म्हणाल्या. "आतां फेडूंक आयल्यां." मतं मिळाली, आता फेडायला आले. मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "शेंपडी इतली लांब आसा म्हूण म्हाका खबर नाशिल्लें." शेपटी इतकी लांब आहे हे मला माहीत नव्हतं.

मी तडकले. "आम्हाला शेपटी म्हणू नका."

"बरें," काकी म्हणाल्या. "तुमी पयलीं."

मी एवढ्यावर गप्प बसणारी नव्हते. मी त्यांना तिथेच, रस्त्यावर गाठलं. म्हटलं, एकेक काम करत बसाल तर आमची दुसरी रांग म्हातारी होईल. कर्ज काढा, सगळीकडे एकदम करा. 'हळूहळू' हा शब्द ज्यांच्या घरात नळ आहे त्यांचा आहे. माझं हे वाक्य मी पत्रकासाठी राखून ठेवलं होतं, ते त्या दिवशी फुकट खर्च केलं.

काकी थांबल्या. चालता चालता थांबणं ही त्यांच्याकडे मोठी गोष्ट होती. "कर्ज काडलें म्हणल्यार पयलें काम खंय सुरू करपाचें तें आमी न्हय, कर्ज दिवपी सांगतलो," त्या म्हणाल्या. "तो तुमगेर येतलो? तो बाजारांत वतलो, जंय भाडें मेळटा." कर्ज काढलं की पहिलं काम कुठे ते कर्ज देणारा ठरवणार, आणि तो बाजारात जाणार, जिथे भाडं मिळतं. स्वतःच्या पैशाने केलं तर क्रम स्वतःचा. आणि थांबण्याबद्दल त्या जे म्हणाल्या ते मी नंतर कितीतरी पत्रकांत छापलं, त्यांचं नाव न घालता, कारण नाव घातलेलं त्यांना चालत नसे. "जांची रावपाची ऐपत आसा, तांणीं रावचें." ज्यांची थांबायची ऐपत आहे, त्यांनी थांबावं.

मला अजूनही त्यांचं सगळं पटत नाही. कर्ज म्हणजे पाप असं मी मानत नाही. पण या एका वाक्यासमोर मी पुन्हा पुन्हा येऊन उभी राहते.

शेडींचं काम सुरू झालं आणि कातळ लागला. कंत्राटदाराने आठवडाभर खणलं आणि यंत्र घेऊन जो गेला तो फोन उचलेना. शेडींचं काम अडलं म्हणून शहराला आनंद झाला. काकींनी आमच्याच माणसांना बोलावलं. आयुष्यभर खाणीत दगडच फोडलेली माणसं ती, खाणबंदीनंतर कुणी तुयेला कारखान्यात, कुणी कारापूरला बागायतीत मजुरीला. माझे बाबा म्हणाले, आमच्याच दारचं काम आहे, आम्ही श्रमदान करतो.

"श्रमदान गिरेस्तांनी करप," काकी म्हणाल्या. श्रीमंतांनी. "तुमी पगार घेवप." आणि पालिकेने मजुरी दिली, इतरांना देतात तीच.

त्यात पालिकेचं ते सबंध वर्ष गेलं. शहरात दुसरं काही झालं नाही. बाजाराला छप्पर नाही, बसस्टँडवर दिवे नाहीत. शेंपडीकाकी हे नाव तेव्हाच पडलं, दादांच्या दुकानाच्या पायरीवर. "भायल्यांक पयलीं आनी घरच्यांक शेंपडी," असं ते गिऱ्हाइकाला कापड दाखवता दाखवता म्हणायचे. भायले म्हणजे बाहेरचे, म्हणजे आम्ही. माझा जन्म इथला. माझ्या आजोबांनी या शहराच्या देवळाचा कळस चढवताना दोर ओढला होता. तरी आम्ही भायले. काकींच्या कानावर ते नाव गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरें नांव. जनावराक शेंपडी नासल्यार माश्यो कोण मारतलो?" आणि पुढे गेल्या.

पहिल्या रांगेला नळ आले, संडास झाले, सोकपीट, म्हणजे शोषखड्डा झाला. शेवंतामावशीच्या हातात नारळ दिला. तिने तो नव्या पायरीवर आपटला, फुटेना. पुन्हा आपटला. "काकी, ह्यो नारळ कंत्राटदाराकडसून घेतलास काय गे? कामाक लागाक तयारच नाय!" हसता हसता आमच्या डोळ्यांत पाणी आलं. काकी मात्र तोवर दुसऱ्या रांगेच्या तोंडाशी जाऊन खाली बघत उभ्या होत्या.

मी काकींच्या घरी जायची ती मास्तरांसाठी. माझ्या पत्रकांची मराठी तेच दुरुस्त करत. "पोरी, तीन उद्गारचिन्हं एका वाक्याला? लोक बहिरे आहेत का?" पडवीत बसल्या बसल्या ते सबंध शहराशी बोलायचे, शहर पायऱ्या चढून आलं तर. पोदेर, म्हणजे पाववाला, त्या गल्लीत सायकल आणू शकत नसे. तो खालूनच भोंगा वाजवायचा आणि शेजारची मुलगी उंडे, म्हणजे गोल पाव, आणून द्यायची. मास्तरांना बाजारातल्या हॉटेलात जायचं होतं, बस्स. पातळ भाजी, पाव, अर्धा चहा, आणि समोर बसून वर्तमानपत्रावर भांडायला एक माणूस. "मी इथे बसून शहर सुधारतोय," ते म्हणायचे. "माझ्या बायकोचं सगळ्यांत मोठं विकासकाम मीच. बघ, जागचा हललो नाही."

एका संध्याकाळी मी तिथे असताना एक बिल्डर आला. गोड माणूस. म्हणाला, काकी, तुमची गल्ली मी बांधून देतो. गटार, उतार, कठडा, सगळं. पालिकेचा पैसा नको, तुमचा नको. मास्तर बाहेर पडले की मला पुण्य. त्याची टेकडीवरच्या इमारतींची परवानगी पालिकेत अडकली होती, हे त्याने सांगितलं नाही आणि काकींनी विचारलं नाही. त्यांनी त्याला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "फुकटची वाट म्हाका परवडची ना, पुता."

तो गेला. मास्तर म्हणाले, "अगो, एक सांग. तत्त्व तुझं आणि पाय माझे, हे कसं?"

काकी पडवीत येरझारा घालत होत्या, त्या घालतच राहिल्या.

"मी त्याच्याकडून वाट घे म्हणत नाही," मास्तर म्हणाले. आवाज चढला होता. "पण तू मला एकदा तरी विचारायचं होतंस. सभेत परस्पर सांगून आलीस, आमची गल्ली शेवटी. ऐपत असलेल्यांनी थांबावं म्हणालीस. माझी ऐपत तू कशी मोजलीस?"

मला उठून जायचं होतं आणि उठता येत नव्हतं. काकी म्हणाल्या, "खरें." एवढंच. मग आत गेल्या, बाहेर आल्या, पुन्हा आत गेल्या. क्रम त्यांनी बदलला नाही. पण त्यानंतर दुपारी जेवायला घरी आल्या की त्या मास्तरांच्या खुर्चीशेजारी खाली बसायच्या. शहरात कुठेही न बसणारी बाई तिथे बसायची, ताट मांडीवर घेऊन. मास्तर मला डोळ्यांनी खूण करत, बघ.

पहिल्या रांगेनंतर खालच्या वाड्याचं गटार झालं, मग बाजाराला छप्पर आलं, मग बसस्टँडवर बायकांसाठी संडास. सगळं पुरं झालेलं, चालू असलेलं, कुणाचंही देणं नसलेलं. त्यानंतर हाती घेतलेली आमची दुसरी रांग मात्र अर्धीच राहिली. पुन्हा कातळ लागला होता आणि यावेळी निवडणूक आडवी आली. विरोधकांचं पत्रक मी वाचलं. छापखान्यातलं, चार रंगांचं. 'भायल्यांना नळ, गावच्यांना कळ!' यमक वाईट नव्हतं.

मतदानाच्या दिवशी आमच्या शेडींतली चार माणसं काकींच्या गल्लीत गेली. म्हणाली, मास्तर, खुर्चीसकट उचलतो, मत देऊन या. मास्तर म्हणाले, "मला पोत्यासारखं नेऊ नका रे. पोतं मत देत नाही." खूप विनवलं. ते हलले नाहीत. काकी तिथेच होत्या. त्यांनी एकदाही आग्रह केला नाही.

काकी थोडक्यात हरल्या, त्यांच्याच वाड्यात. मास्तरांच्या एका मताने निकाल फिरला नसता. पण त्या घरात ते मत कमी होतं, आणि ते का कमी होतं हे दोघांनाही माहीत होतं.

दादा नगराध्यक्ष झाले. वाईट माणूस नाही. मास्तरांची गल्ली लवकर करून देतो, असं त्यांनी घरी येऊन सांगितलं. पण पैसा कुठून? तर मोठं कर्ज काढायचं. बाजारात तीन मजली संकुल, मुख्य रस्त्याला शोभेचे दिवे, बसस्टँडसमोर कारंजं. काकींची गल्ली त्यात होती, आमची दुसरी रांग नव्हती. आणि कागद पुढे सरकत राहिले, गल्लीतली एक पायरीही हलली नाही. पावसात मास्तर पडवीतच घसरून पडले. ॲम्ब्युलन्स खाली उभी आणि वरून त्यांना चादरीत घालून उतरवलं. त्यानंतर म्हापशाला राहणारी त्यांची मुलगी आली आणि म्हणाली, आता पुरे. माझ्याकडे लिफ्ट आहे.

निघायच्या दिवशी मी गेले. टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी होती. मास्तर आधीच गाडीत बसले होते, खिडकीतून बाजाराचा नवा पत्रा बघत होते. जाताना त्यांनी टॅक्सी हॉटेलसमोर थांबवायला सांगितली होती, भाजीपाव गाडीतच मागवणार होते. काकी पिशवी घेऊन पायऱ्या उतरत होत्या, सावकाश, एकेक पायरी बघत. मी त्यांना तसं उतरताना कधी पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "काकी, कर्जाच्या ठरावावर दिवाळीनंतर बाजारातल्या सभागृहात जाहीर सुनावणी आहे. तुम्ही या. तुम्ही बोललात तर लोक ऐकतील."

"म्हजें आयकून जालें तांचें," त्या म्हणाल्या. माझं ऐकून झालं त्यांचं. "तूं वच."

"मी जाणारच. भाषण तयार आहे."

त्या हसल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या तळव्याला अजूनही गिरणीचा खरखरीतपणा होता. "गो चेडवा, तूं बरें उलयता. म्हणून तूं मागीर उलय. पयलीं शेवंतेक उलोवंक दी. दुसऱ्या रांगेच्या बायलांक उलोवंक दी. तांकां उलोवपाक वेळ लागतलो. लागूं दी." तू चांगलं बोलतेस, म्हणून तू नंतर बोल. आधी शेवंतेला आणि दुसऱ्या रांगेतल्या बायकांना बोलू दे. त्यांना वेळ लागेल, लागू दे.

"आणि तुमच्या गल्लीचं?" मी विचारलं. "ते सांगू?"

त्यांनी वळून पायऱ्यांकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, नको, आमचा नंबर शेवटचा. त्या म्हणाल्या, "सांग. मास्तराचें नांव घेवन सांग. तें म्हज्यान जालें ना." ते माझ्याकडून झालं नाही. मग गाडीत बसल्या आणि दार लावून घेतलं.

मी म्हापशाला अजून गेले नाही. जायची हिंमत होत नाही असं नाही, पण रिकाम्या हाताने जायचं नाही. आमच्या दुसऱ्या रांगेत बायका अजून उजाडायच्या आत रानात जातात. कर्ज काढून कारंजं उडेल तेव्हा ते फेडायला आमचीही घरपट्टी लागेल, आणि आमच्या दारात काय येणार हे अजून कुणी सांगितलेलं नाही. क्रम उलटा धरणं काकींना जमलं. त्या क्रमात आपल्याच घरातल्या माणसाला विचारायचं राहून गेलं. दोन्ही गोष्टी आपल्याला शिकायच्या आहेत आणि वेळ फार नाही.

म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हाला माझं एक मागणं आहे. माझ्या शहरातले असाल तर दिवाळीनंतरच्या सुनावणीला या. दुसरीकडचे असाल तर तुमच्याही पालिकेत कर्जाचा, सुशोभीकरणाचा, असलाच काहीतरी ठराव येणारच आहे. त्या दिवशी एकटे जाऊ नका. आदल्या दिवशी तुमच्या वॉर्डात जिथे पालिकेची गाडी वळून परत जाते तिथपर्यंत चालत जा, तिथलं दार वाजवा, आणि आत जी बाई असेल, किंवा जो माणूस खुर्चीतून उठू शकत नाही, त्यांना विचारा, "तुम्ही किती थांबू शकता?" ज्याला येता येईल त्याला बरोबर घेऊन या. ज्याला येता येत नाही त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहून आणा. सभागृहात तुमचं नाव पुकारलं की उठू नका. आधी त्यांना उठू द्या.